तिरका काप

आई गेल्यानंतर तिच्या शाळेने शोकसभा ठेवली. मुख्याध्यापिकांचा फोन आला. वार, वेळ, कोण कोण बोलणार हे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाईंच्या आवाजात काही असेल तर द्याल का? भाषणांच्या आधी लावू." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "म्हणजे, ते सिंहाचं सोडून."

"ते सोडूनच," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की ते सोडलं तर आईचा गाता आवाज कुठेच उरलेला नाही. शाळेत ती मुलांना गाणं शिकवायची, पण स्वतः गायची नाही. पेटीवर सूर द्यायची आणि "हं, म्हणा" म्हणायची. घरी तर गुणगुणायचीसुद्धा नाही. माझ्या लहानपणी इतर बायका भांडी घासताना गातात याचं मला नवल वाटायचं.

सिंहाचं म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. पूर्वी लागत नसे.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत आईचं एक गाणं रेडिओवरून घराघरांत पोचलं होतं. दारात उभी राहून कुणाची तरी वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं. तो परतणार नाही हे तिला कळून चुकलेलं असतं, ऐकणाऱ्यालाही कळतं. सगळं गाणं ती तक्रार करते, आणि शेवटच्या कडव्यात, तक्रारी संपल्यावर, एकदाच म्हणते: "आलास तर ये, दार उघडंच आहे." मग धृपद, आणि गाणं संपतं. ती ओळ ऐकून बायका हातातलं काम थांबवत, असं मावशी सांगायची. मावशी आईची बहीण, तेव्हा तिने थोडं वाढवून सांगितलं असेल. पण फार नाही.

त्याच सुमाराला विनोदी तबकड्यांची एक लाट आली होती. एक बातमीदार अत्यंत गंभीर आवाजात एखाद्या अचाट घटनेची बातमी देतो. घटनास्थळी जाऊन एकेकाला प्रश्न विचारतो. आणि उत्तर देतात गाजलेल्या गाण्यांचे तुकडे. गाणी सगळ्यांना पाठ, प्रश्न मात्र भलतेच. तेवढ्यावर माणसं पोट धरून हसत. ज्यांच्या गाण्यांचे तुकडे घेतले त्यांना कुणी विचारत नसे.

सिंहाच्या तबकडीत सर्कशीतला सिंह सुटलेला असतो. बातमीदार फौजदाराला विचारतो, "साहेब, आपण कोणती कारवाई करताय?" त्यावर त्या काळचा एक मोठा गायक आर्त स्वरात म्हणतो, "मी चाललो दूर देशी." रिंगमास्टरला विचारतो, "सिंहाने जाताना काही नेलं का?" तर एक बाई गातात, "काळीज नेले, काळीज नेले." असं करत करत बातमीदार एका घरापाशी येतो. "बाई, सिंह आलाय तुमच्या दारात. त्याला काय सांगाल?" आणि माझी आई म्हणते, "आलास तर ये, दार उघडंच आहे." त्यावर बातमीदाराला हसू आवरत नाही. तो हसत सुटतो, मागे डरकाळी, आणि तबकडी संपते.

बातमीदार होते खर्जकाका. रेडिओवर बातम्या वाचायचे. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, म्हणून ते नाव. आणि गाण्यांचे तुकडे कापून, अचूक जागी बसवून, सगळं जोडणारे माझे बाबा. तेही रेडिओतच होते, ध्वनिमुद्रणाच्या विभागात. सगळे त्यांना "कात्री" म्हणत.

तबकडी तुफान चालली. न्हाव्याकडे, खानावळीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिथे म्हणून स्पीकर होता तिथे सिंह सुटला. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात आई शेवटच्या कडव्यापर्यंत आली आणि ती ओळ घेण्याआधी श्वासाला थांबली, तर मागच्या रांगेतून कुणीतरी खर्ज लावून म्हणालं, "बाई, सिंह आलाय." सभागृहात हशा फुटला. पुढच्या कार्यक्रमातही तेच. त्याच्या पुढच्या वेळी तर कुणाला बोलावंही लागलं नाही, ती श्वासाला थांबली आणि लोक हसले. नंतर तिने कार्यक्रम घेणं सोडलं आणि शाळेत नोकरी धरली. तिथेही पोरांनी तिचं नाव सिंहबाई ठेवलं. मी त्याच शाळेत होते. "वाघाची मावशी मांजर, तर सिंहाची मावशी कोण?" असं कोडं मधल्या सुट्टीत घातलं जायचं आणि उत्तर माझ्याकडे बोट करून द्यायचे: "हिची आई."

मूळ गाणं रेडिओवर पुन्हा लागलं नाही. तबकडी म्हणून ते निघणार होतं, तेही राहिलं. का, असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "टेप खराब झाली हो. ओल लागली." सगळ्यांना हेच सांगायची. मलाही हेच सांगितलं होतं.

मी बाबांना विचारायला गेले ते आशेने नव्हे. रेडिओतल्या जुन्या माणसांपैकी कुणाकडे एखादी प्रत असेल का, एवढंच विचारायचं होतं. ते खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. कुठे जायचं नसलं तरी करतात.

"गाणं ना?" ते म्हणाले. "आहे की."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे. कपाटात, वरच्या फळीवर. स्टूल घे, मी चढलो तर ओरडशील."

मी स्टूल घेतलं. जुन्या रेझर-सेटच्या मागे पत्र्याचा चपटा डबा होता. झाकणावर काही लिहिलेलं नव्हतं.

"खराब झाली होती ना?"

"टेप? खराब कशी होईल? कोरड्या जागी होती." बाबांनी हात पुसले, टेप वाजवायच्या मशीनवरची चादर काढली आणि रीळ चढवलं. बोटं हल्ली थरथरतात, पण टेप ओवताना थरथरली नाहीत.

आईचा आवाज आला. त्या आवाजाचं वय माझ्या वयाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. मी त्याबद्दल लिहिणार नाही. गाण्याचं वर्णन करणाऱ्यांवर आईचा विश्वास नव्हता. शेवटचं कडवं आलं. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी, आणि मग काहीच न घडल्यासारखं धृपद.

"ती ओळ?"

"ती सिंहात गेली," बाबा म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. बाबांनी समजावून सांगितलं, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. बाकीच्या गायकांचे तुकडे त्यांनी बाजारातल्या तबकड्यांवरून उतरवून घेतले होते. आईचं गाणं अजून तबकडीवर यायचं होतं. कंपनीला पाठवायची म्हणून मूळ टेप त्यांनी रेडिओतून घरी आणली होती, आणि मूळ टेप ती एकच. तिच्यावरून प्रत काढून प्रतीतला तुकडा घ्यायचा, ही खरी रीत. पण प्रतीत आवाजाची धार जाते, मागे खसखस येते. बाकीचे तुकडे आधीच खसखशीत. शेवटचं उत्तर, ज्यावर सगळी गंमत उभी, ते तरी लख्ख हवं होतं. म्हणून त्यांनी मूळ टेपच कापली.

"परत जोडणारच होतो," ते म्हणाले. "तबकडी छापून झाली की तुकडा काढायचा आणि होता तिथे बसवायचा. मी कापलं होतं असं की कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण कारखान्याने छापून झाल्यावर आमची टेप पुसून त्यावर दुसरंच काही भरलं. तेव्हा टेप महाग असायची. मी जाऊन भांडून आलो."

"आणि आईला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? ती इथेच तर होती. कापताना समोर बसली होती, शेंगा सोलत." बाबा रीळ उलटं फिरवत होते. "जोडून तिला पहिल्यांदा ऐकवलं ना, तेव्हा सगळ्यात आधी कोण हसलं माहितीये? ती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. खर्जाला विचार."

हे वाक्य ते इतक्या सहज बोलले की ते आधीही पुष्कळदा बोललं गेलं असणार, मोठ्याने किंवा मनात. मला ती हसलेली दिसली. नवऱ्याने काहीतरी करामत केली आहे, घरात तिघंच आहेत, शेंगांची टरफलं मांडीवर. अशा वेळी कोण हसणार नाही? घरात हसणारी बाई सभागृहातल्या हसण्याला परवानगी देत नसते. ओल लागली, असं आई जन्मभर सांगत राहिली, ते रेडिओवाल्यांसाठी नव्हतं, बाबांना पाठीशी घालण्यासाठी होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"सभेत हे लावायचं," मी म्हटलं.

"असं? लंगडं?"

"ओळ नाही तिथे तेवढी शांतता ठेवा. ओळ गेलीय हे कळू दे."

"सिंहाच्या तबकडीवर आहे ना ओळ. तिथून घेतो."

"तिच्यावर काका हसलेत."

"शेवटी शेवटी. 'आहे'वर."

"बाबा, तिच्यावर हसणं आहे. ते नको. एकदा तरी तिचं गाणं कुणी न हसता ऐकावं, एवढंच हवंय मला. शांतता ठेवा."

"कोरी पट्टी टाकू म्हणतेस," बाबा म्हणाले. "बघतो."

पुढचे काही दिवस ते टेबलावरून उठले नाहीत. मी स्वयंपाक करता करता पाहत असे. टेप बसवायची खाच असलेला ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा, त्यावर पातं फिरवायला दोन चिरा: एक सरळ, एक तिरकी. दाढीचं पातं. पिवळी मेणाची पेन्सिल. शब्दाची सुरुवात शोधायला ते दोन्ही रिळं हातांनी मागेपुढे हलवत, तेव्हा आईचा आवाज खोल जाऊन गुरगुरल्यासारखा येई. मी नळ मोठा सोडत असे. आई गेल्यापासून ते एवढे रमलेले मी पाहिले नव्हते. चहा दिला तर म्हणायचे, "ठेव तिथे, टेपवर नको." काही बिघडलं तर स्वतःलाच, "हळू रे, म्हाताऱ्या." मला बरं वाटलं होतं. बाप आपल्या परीने शोक करतो आहे असं वाटलं होतं.

शाळेचं सभागृह भरलं. तिच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, काहींच्या मुली आयांच्या चेहऱ्यांवरून मला ओळखू येत होत्या. पहिल्या रांगेत बाबा, पॉलिश केलेल्या बुटांत, आणि शेजारी काठी टेकून खर्जकाका. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वहिनींनी मला कधी दारातून परत पाठवलं नाही गं." तो आवाज आता फाटला आहे. विहिरीत गाळ साचावा तसा.

बाबांनी स्वतःचं मशीन आणलं होतं. मुख्याध्यापिका चार शब्द बोलल्या. मग आई गायला लागली.

लोक ऐकत होते. हे मला सांगायला हवं, कारण पुढचं सगळे लक्षात ठेवतात आणि हे विसरतात. पहिलं कडवं, दुसरं कडवं, कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या मागे कुणीतरी हलकेच म्हणालं, "अगं, ह्या बाई अशा गायच्या?" शेवटचं कडवं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आईने श्वास घेतला.

"आलास तर ये, दार उघडंच आहे."

लख्ख, नीट, तिच्याच लयीत, जणू कधी कुठे गेलीच नव्हती. आणि "आहे"च्या शेपटाला, अगदी किंचित, खर्जकाकांचं हसू. बाबांनी ते जमेल तेवढं दाबलं होतं. पण त्या सभागृहातल्या निम्म्या माणसांना ते पाठ होतं, पाठ असलेल्याला दाबून काय होतं? आधी कुणीतरी नाकातून हसलं. मग कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. मग रांगाच्या रांगा हलल्या. कुणी वाईट मनाने हसलं नाही. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो, तसं ते होतं. आईचं शेवटचं धृपद त्या हसण्यात बुडालं, आणि लोक गप्प झाले तोवर गाणं संपलं होतं, फक्त रीळ फिरत होतं.

खर्जकाका हसले नाहीत. त्यांनी बाबांकडे वळून विचारलं, "कात्री, हे मी आहे ना? मला कशाला घातलंस रे इथे?"

बाबांना ते ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. ते मला शोधत होते. मी जवळ गेल्यावर माझ्याकडे वाकून, दबल्या आवाजात, चेहरा उजळलेला, म्हणाले, "जोड कळली कुठे? खरं सांग."

"नाही," मी म्हटलं. "जोड नाही कळली."

भाषणं झाली. आई किती हसतमुख होती, असं तिघांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीळ टेबलावर ठेवलं. बाबा पेपर वाचत होते.

"ती ओळ काढा," मी म्हटलं.

"का? चांगली बसलीय."

"तुम्ही शांतता ठेवतो म्हणाला होतात."

"बघतो म्हणालो होतो." त्यांनी पेपर खाली केला. "हे बघ, गाण्यात असं भोक ठेवायचं म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बंद पडलं. मी जन्मभर हेच काम केलंय, पोरी. कापलेलं कळता कामा नये. आणि थोडं हसले तर काय बिघडलं? तिला चाललं असतं. ती स्वतः हसली होती."

"एकदा," मी म्हटलं.

"हं?"

"ती एकदा हसली होती. घरात. त्यानंतर कधी हसली का त्यावर?"

बाबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "माझी बोटं आज ठीक नाहीत."

"मी कापते."

मी ठोकळा पुढे ओढला. लहानपणापासून पाहत आले असले तरी कधी हात लावला नव्हता, लावू दिला नव्हता. मशीनवर रिळं हलवत ओळीची सुरुवात शोधली, पेन्सिलने खूण केली. हसू संपतं तिथे दुसरी खूण. टेप खाचेत बसवली. बाबा न राहवून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"तिरक्या चिरेत घे," ते म्हणाले. "तिरकं कापलं की एक आवाज संपता संपता दुसरा सुरू होतो, कानाला पत्ता लागत नाही. सरळ कापलंस तर खट् वाजेल."

मी पातं सरळ चिरेत घातलं.

"अगं, ती नव्हे. ती दुसरी."

मी कापलं. दुसऱ्या खुणेवरही कापलं, सरळ. ओळ आणि हसू मिळून जो तुकडा निघाला तो बोटभर रुंदही नव्हता आणि हातभर लांब, तपकिरी, सगळ्या टेपसारखाच. त्यातलं हसू कुठे सुरू होतं ते डोळ्यांना दिसत नाही. तो तुकडा मी बाजूला ठेवला आणि कोऱ्या पांढऱ्या पट्टीशी लावून पट्टी मापात कापली. हसण्याएवढी पट्टी त्यातून अंदाजाने कमी केली. दोन्हीकडे चिकटपट्टी लावून नखाने घासली, बाबा घासतात तशी.

"सगळ्यांना कळेल," बाबा म्हणाले.

"कळू दे."

मी रीळ चढवलं आणि शेवटचं कडवं लावलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आईचा श्वास. खट्. कुणी ताट पाडावं तसे बाबांचे खांदे दचकले. मग काहीच नाही. पांढरी पट्टी मशीनमधून सरकताना दिसत होती. बाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. पुन्हा खट्, आणि आई धृपदावर आली, आणि या वेळी शेवटपर्यंत गायली.

मशीन बंद करून बाबा खुर्चीवर बसले.

"पट्टी फार लांब झाली," ते म्हणाले.

"ओळीएवढीच आहे."